एकाच नंबरच्या दोघी

घरोघरचे पाण्याचे मीटर इंटरनेटवरून वाचून देण्याचं काम तिने घरातल्या पुढच्या खोलीतूनच सुरू केलं. नवऱ्याने तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे तू नेमकं करणार काय?" तिने सांगितलं, की प्रत्येक घरातल्या मीटरला बारीक वायर जोडायची, त्या सगळ्या वायरी खाली पंपाच्या खोलीतल्या एका डब्यात आणायच्या, आणि डब्याने आकडे तिच्या वेबसाइटवर पाठवायचे. लोकांनी आपापल्या फोनवर बघून घ्यायचे. कोणी दार वाजवायला नको, की कोणी ओट्याखाली टॉर्च घेऊन वाकायला नको.

धाकटा दीर इलेक्ट्रिशियन होता, तेव्हा वायरींचं खातं आपसूकच त्याच्याकडे गेलं. बघता बघता आसपासच्या बऱ्याच इमारती जोडल्या गेल्या आणि लोक तिला मीटरबाई म्हणू लागले. तिलाही ते आवडायचं. सकाळी चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसावं, आकडे आले की पडद्यावर एकेक इमारत हिरवी होताना बघावी, याच्यासारखं सुख तिला दुसरं माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात मात्र एका नव्या इमारतीने तिला जेरीस आणलं. सगळी घरं हिरवी, पण तिसऱ्या मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन घरांचा काही केल्या पत्ता लागेना. इमारतीच्या सेक्रेटरींनी तर फोनवर सुनावलंच, "बाई, निम्मं-शिम्मं काम नको. जमत नसेल तर आमचा जुना माणूस बरा."

दिराने अर्धा दिवस पाइपांच्या डक्टमध्ये शिरून सगळे जोड तपासले. अंगभर जळमटं घेऊन तो बाहेर आला.

"वहिनी, वायर ठणठणीत आहे. माझ्यावर आळ घेऊ नका."

"आळ नाही घेत, भाऊजी. तुटली असती तर काहीच आलं नसतं. इथे उत्तर येतंय, पण त्याचा अर्थ लागत नाहीये." ती पायरीवर बसून लॅपटॉपकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "एका घराची वायर सोडा बरं जरा."

त्याने डाव्या घराची वायर सोडली. उजव्या घराचा आकडा स्वच्छ आला. ती जोडून उजवीकडची सोडली, तर डावीकडचा आला. मग सगळा उलगडा झाला. डबा प्रत्येक मीटरला त्याच्या नंबराने हाक मारतो, आणि ज्याचा नंबर त्यानेच उत्तर द्यायचं. बसवणाऱ्याने नजरचुकीने या दोन्ही मीटरांना सात नंबर देऊन ठेवला होता. हाक आली की दोघं एकदम बोलत, आणि कोणाचंच धड ऐकू येत नसे.

"एवढंच ना? एकाचा नंबर बदलला की झालं," दीर म्हणाला.

एवढंच नव्हतं. त्या दोन घरांत दोन सख्ख्या जावा राहत होत्या, आणि त्यांच्यात विस्तव जात नव्हता. जुनं घर पाडलं तेव्हा दोघींनी हौसेने समोरासमोर घरं घेतली होती. सामान हलवताना धाकटीकडे जायचं सासूचं शिलाई मशीन हमालांनी चुकून थोरलीकडे उतरवलं. ते मागायचं कसं म्हणून धाकटी फुगली, आणि ही विचारत का नाही म्हणून थोरली. दोघे भाऊ खाली गाडीपाशी मनसोक्त गप्पा मारत आणि आपापल्या घरात शिरताना तोंड पाडून शिरत.

मीटरबाईने दोन्ही दारं वाजवली आणि जिन्यासमोर उभं राहून सगळं समजावून सांगितलं.

"तिचा बदला," थोरली उंबऱ्यातून म्हणाली. "आमचा मीटर आधी बसलाय."

"का म्हणून? दोन्ही एकाच दिवशी बसलेत," धाकटी आपल्या उंबऱ्यातून मीटरबाईकडे बघत म्हणाली. "त्यांचा आधी कसा बसला ते त्यांनाच विचारा."

दोघींमध्ये दोन हातांचं अंतर, पण प्रत्येक वाक्य मीटरबाईच्या मार्फत जात होतं.

"अहो, हा नंबर कुठे दिसणारसुद्धा नाही," मीटरबाई म्हणाली. "तो फक्त मशिनला कळतो."

"मग तिचाच बदला. न दिसणाऱ्या नंबराचं तिला काय एवढं?"

दीर वायरीचं टोक हातात धरून छताकडे बघत होता. त्याला हसू आवरत नव्हतं. मीटरबाईला आधी वैतागच आला. मग वाटलं, यांना वाद नंबराचा घालायचाच नाहीये. बऱ्याच दिवसांनी काहीतरी बोलायला मिळालंय, ते या सोडत नाहीत. तिने सूर बदलला.

"असं करू. ज्या बदलतील त्यांना हवा तो नंबर मिळेल. अडीचशेपर्यंत कुठलाही मागा, फक्त दुसऱ्या कोणाचा नको."

धाकटी जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "एक्केचाळीस आहे?"

"आहे की."

"एक्केचाळीस?" थोरली उंबरा ओलांडून पुढे आली. "तो तर आपल्या जुन्या घराचा नंबर!"

"हो. म्हणूनच मागितला."

"मग मलाही तोच हवा."

दिराने कपाळावर हात मारला. "काकू, तसं केलं तर पुन्हा पहिल्यापासून! दोघी एकदम बोलाल आणि कोणाचंच कळायचं नाही."

यावर धाकटी फिसकन हसली. थोरलीने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तिचे खांदे हलायला लागले.

"त्या घरात तरी कुठे कळायचं?" धाकटी आता सरळ तिच्याकडे बघत म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, एक एक करून बोला गं, माझे कान दोनच आहेत."

"आणि तू थांबायची नाहीस."

"तुम्ही तरी कुठे थांबायचात, जाऊबाई?"

थोरलीने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि मीटरबाईला म्हणाली, "एक्केचाळीस तिलाच द्या. मी आहे ती सातवर बरी आहे." मग धाकटीला म्हणाली, "आणि ते मशीन घेऊन जा बाई. मला दोऱ्यात सुई ओवता येत नाही हल्ली."

"दोऱ्यात सुई?"

"तेच ते! सुईत दोरा."

मीटरबाईने धाकटीच्या मीटरचा नंबर बदलला. दिराने वायरी जोडल्या, डब्याने हाक मारली, आणि दोन्ही घरं हिरवी झाली. पण तिथून निघता मात्र येईना. आधी थोरलीकडे चहा झाला. मग धाकटीला वाटलं आपलं राहून गेलं, म्हणून तिच्याकडेही झाला. दोन्ही दारं सताड उघडी होती, आणि खुर्च्या मधल्या जागेत आल्या होत्या. शिलाई मशीन उचलायचं काम अर्थातच दिराकडे आलं.

संध्याकाळी मीटरबाईने सेक्रेटरींना कळवलं. ते म्हणाले, "आकडे दिसले. पण तिसऱ्या मजल्यावर हा गलका कसला चाललाय?"

पुढच्याच महिन्यात एका सकाळी थोरलीचा फोन आला.

"मीटरबाई, तुमच्या त्या संगणकात धाकटीकडे पाणी चालू दिसतंय का बघा हो. केव्हाची दार वाजवतेय, उघडतच नाही. जिवाला घोर लागलाय."

"काकू, एकाच्या घरचं दुसऱ्याला सांगता येत नाही मला," मीटरबाई म्हणाली. पण नजर तोवर पडद्यावर गेलीच होती. आकडा पळत होता. "तुम्ही जरा वेळ थांबा आणि पुन्हा वाजवा. मी फोन चालू ठेवते."

फोनमध्ये दार वाजल्याचा आवाज आला, मग कडी सरकल्याचा, आणि मग धाकटीचा आवाज, "अहो, आंघोळीला गेले होते! एवढं काय पेटलंय?"

"पेटलं नाही काही. एकटी होतीस म्हणून म्हटलं. केस पूस आधी, सर्दी होईल."

दोघींच्या बोलण्यात फोन ठेवायचं थोरलीच्या लक्षातच आलं नाही. मीटरबाई थोडा वेळ ऐकत राहिली, मग तिने आपल्या बाजूने तो बंद केला आणि पुढची इमारत उघडली.