वाळूतली वाम

लेक प्रतिक्षा नर्सिंग शिकायला नांदेडला गेली आणि तिची माशांची काचेची पेटी शालूबाईच्या गळ्यात पडली. ओसरीला लागून जी खोली होती तिथं, खिडकीखालच्या टेबलावर ती पेटी असायची. तळाला पूर्णेची बारीक वाळू, एका फुटक्या माठाची खापरी, आणि वर फिरणारे सोनेरी मासे. जाताना पोरगी एवढंच सांगून गेली, की डबीतलं खाणं चिमूटभर टाकायचं आणि हवेचा पंप बंद पडू द्यायचा नाही. पंपाचं बटण शालूबाईच्या हातात होतं, पण लाईट काही तिच्या हातात नव्हती. श्रावणात कालव्याकडचा डीपी जळाला, गाव अंधारात गेलं, आणि लाईट परत येईस्तोवर सोनेरी मासे एकेक करून उलटे होऊन पाण्यावर आले.

शालूबाई माळकरी. नरसीला दर एकादशीला नामदेवाच्या पायावर डोकं ठेवणारं घर. लग्न होऊन या उंबऱ्याच्या आत आल्यापासून तिनं घरात साधं अंड्याचं टरफल पाहिलं नव्हतं. मेलेले मासे तिनं लिंबाच्या बुडाशी पुरले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ठरवलं, पेटी रिकामी करायची, पुसायची आणि माळ्यावर टाकून द्यायची.

तांब्यानं ती पाणी उपसू लागली. पाणी चार बोटं उरलं असेल-नसेल, तेवढ्यात खापरीजवळची वाळू हलली.

आधी तिला वाटलं, आपलाच तांब्या लागला. ती थांबली. वाळू पुन्हा हलली, आणि तिच्यातून एक टोक वर आलं, गवताच्या काडीएवढं. त्या टोकाला दोन बारीक नळ्या होत्या आणि त्या इकडंतिकडं वळत होत्या, हत्तीनं सोंडेचा शेंडा फिरवावा तशा. टोकामागं मोहरीएवढा डोळा. तो डोळा शालूबाईकडं बघत होता.

तिनं हात असा मागं घेतला की तांब्या खाली पडला. आवाज ऐकून संतराम गोठ्यातून आला. संतराम म्हणजे तिचा नवरा, कमी बोलणारा माणूस. हळद आणि बैल हीच त्याची दुनिया. त्यानं वाकून पाहिलं.

"वाम हाय ती," तो म्हणाला. "धरणावर भोयांच्या जाळ्यात घावती. लहानपणी नदीला लई पाहिल्या. हात नको लावू, पाठीला काटे असतेत."

"मासाच हाय ना? साप न्हाई?"

"मासाच हाय."

शालूबाईनं उपसलेलं पाणी, जसं होतं तसं, बादलीतून परत पेटीत ओतलं. मग फोन लावला.

"हाय का अजून?" प्रतिक्षा म्हणाली. "मी तं समजले, कवाच संपलं ते. सिद्धेश्वरच्या धरणावर सहलीला गेलो होतो तवा आणलं होतं. माय, त्याला डबीतलं चालत न्हाई बरं का. जित्तं लागतं. गांडूळ."

फोन ठेवून शालूबाई गळ्यातल्या माळेशी बोटं चाळवत बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं भाताची शितं टाकून पाहिली. भाकरीचा कुस्करा टाकून पाहिला. भिजवलेली मुगाची डाळही टाकली. पाणी गढूळ झालं, पण वामेनं कशाला तोंड लावलं नाही. नाक तेवढं वाळूबाहेर काढून ती वाट बघायची. रोज दिवे लावायच्या वेळी ती पूर्ण बाहेर यायची, काचेच्या कडेकडेनं एक फेरी मारायची आणि परत वाळूत शिरायची. डोकं तेवढंच राहिलं आणि मागचं अंग दोरीसारखं बारीक होत चाललं. रोज थोडी थोडी कमी होणारी ती दोरी शालूबाईला बघवेना.

"धरणात सोडून या तिला," ती नवऱ्याला म्हणाली.

"येतो," तो म्हणाला. पण सोयाबीन काढणीला आलं होतं, मजूर मिळत नव्हते, आणि सिद्धेश्वरकडं जायला काही होईना.

आता खरी गोम अशी होती, की गांडुळं लांब नव्हतीच. हळदीसाठी संतरामनं गोठ्यामागं गांडूळखताचा वाफा केला होता आणि त्याच्यावर गोणपाट टाकून पाणी शिंपडायचं काम शालूबाईचंच होतं. ऊन झालं तर ती गोणपाट दुहेरी करायची. मुंग्या आल्या तर हळद टाकायची. त्या वाफ्यातला जीव उचलायचा आणि दुसऱ्या जिवाच्या तोंडात द्यायचा, हे तिच्या हाताला जमेना.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "उपाशी मारलं तरी पाप, आन् खाऊ घातलं तरी पाप. काहून आणलं असंल पोरीनं हे?"

संतरामनं घास संपवला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "आपण रान नांगरून राहिलो का बगळे मागं येतेत. फाळानं वर आलेलं गांडूळ उचलतेत. तवा तू मला कधी म्हणली, नांगर थांबवा म्हणून?"

"न्हाई."

"मग. आपण काय बगळ्याला वाढत न्हाई. रान ज्याचं त्याला वाढतं. आपला नांगर तेवढा मधी असतो."

एवढं लांब तो सहसा बोलत नसे. शालूबाई उठली. वाफ्याचं गोणपाट उचलून तिनं एक गांडूळ घेतलं, धुतलं, मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव घेतलं आणि चमच्यानं ते पाण्यात सोडलं.

गांडूळ वळवळत खाली गेलं. वाळूतल्या नाकाच्या नळ्या एकदम ताठ झाल्या. मग वाळू उकलली, आणि वाम निघाली. घाई नव्हती तिला. पाण्यातून पोहत आली असं म्हणता येणार नाही, पाणीच जणू तिला पुढं सरकवत होतं. मागंही तशीच जायची, वळल्याशिवाय, शेपटीकडून. गांडुळाजवळ येऊन तिनं नाकानं त्याला हळूच चाचपलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आंधळ्या माणसानं लेकराचं तोंड चाचपावं तसं. मग एक झटका, आणि शेवई ओढावी तसं गांडूळ आत गेलं.

शालूबाई श्वास धरून उभी होती. पाप लागलं का पुण्य, हा हिशोब त्या क्षणी तिच्या डोक्यात आलाच नाही. तिला एवढंच कळलं, की आपल्या घरात, आपल्या टेबलावर, काहीतरी फार जुनं जागं आहे.

तेव्हापासून सांजेचा दिवा लावला की ती पेटीसमोर जायची. चमचा सुटला, चिमटा सुटला, आणि दिवाळीनंतर वाम तिच्या बोटांतून खाऊ लागली. तिचं नाक बोटाला लागायचं तेव्हा ओल्या कापसाचा स्पर्श झाल्यासारखं वाटायचं. अंग भरलं. पाठीवर नक्षी उठली. पावसाळ्यात ओल्या चिखलातून ट्रॅक्टर गेल्यावर चाकोरीत उमटते ना, अगदी तशी, पिवळट अंगावर काळसर वेलबुट्टी. खवलं दिसत नाहीत, पापणी नाही, आवाज नाही. शेजारची शिला एकदा बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, हे तं सापावाणी दिसतं." शालूबाईनं तिला हात धरून आत आणलं, बसवलं आणि खायला घालून दाखवलं. जाताना शिलानं पेटीला नमस्कार केला. का केला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शालूबाईला कधी कधी नवल वाटायचं ते एका गोष्टीचं. आत्ताच पोटभर खाऊन वाम वाळूत शिरायची, आणि भांडी घासून येईस्तोवर पुन्हा नाक वर, पुन्हा भूक. जीव वाढता आहे, खाणारच, असं म्हणून ती आणखी एक गांडूळ आणायची.

चैत्रात ऊन तापलं. पेटीतलं पाणी हाताला कोमट लागायला लागलं. शालूबाईनं कूलरचं तोंड पेटीकडं वळवलं आणि वारा आत जावा म्हणून झाकणाखाली एक काडी अडकवली. काडी ती कसली, बोटभर फट. पण दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना तिला फरशीवर एक वळ दिसला. वाळलेला, किंचित चमकणारा. टेबलाच्या पायापासून निघून तो खोलीच्या मधून, उंबऱ्यावरून ओसरीवर गेला होता आणि तिथं धुळीत दिसेनासा झाला होता.

तिच्या हातातला झाडू तसाच राहिला. तिनं टेबलाखाली पाहिलं, कोठीत पाहिलं, चपलांखाली पाहिलं, अंगणात जाऊन पाहिलं. पत्र्यावर कावळे बसले होते. त्यांच्याकडं बघून ती आत आली. झाकणाखालची काडी तिनं चुलीत घातली.

सांजेला दिवा लावला आणि सवयीनं पाय वाफ्याकडं वळले. गोणपाट उचलल्यावर तिच्या ध्यानात आलं की आता कुणासाठी. तरी एक गांडूळ हातात आलंच होतं. ते परत टाकायचं सोडून ती पेटीपाशी गेली आणि उगीच बघत उभी राहिली.

खापरीजवळ नाक वर आलं.

तिनं गांडूळ खाली धरलं. नळ्या वळल्या, वाळू उकलली, वाम आली, बोटातून घास घेऊन गेली. शालूबाई पाटावर बसून रडली. मग डोळे पुसून संतरामला सांगायला गेली, की कुठं गेली नाही, घरातच आहे, दिवसभर आपला जीव उगी टांगला.

संतराम नुकताच रानातून आला होता. "मग तो वळ कशाचा होता?" त्यानं विचारलं.

"गोगलगाय आली असंल."

"चैतात?"

त्याला पाणी द्यायला ती ओसरीवरच्या रांजणाकडं गेली. रांजण गार राहावा म्हणून त्याच्या बुडाला वाळूचा थर होता, पाझरून पाझरून ओला झालेला. तांब्या बुडवताना तिची नजर खाली गेली, आणि ती तशीच वाकलेली राहिली.

ओल्या वाळूतून एक काडीएवढं टोक वर आलं होतं. त्याला दोन नळ्या होत्या. त्या हळूहळू हलत होत्या.

"इकडं या," ती म्हणाली. आवाज एवढा हलका होता की संतरामला उठून जवळ यावं लागलं. त्यानं पाहिलं. मग तो खोलीत गेला, पेटीपुढं वाकला आणि परत आला.

"तिथंबी हाय," तो म्हणाला.

"इथंबी हाय."

दोघं नवरा-बायको रांजणापुढं उकिडवे बसून एकमेकांकडं बघत राहिले. शालूबाईच्या अंगावर काटा आला होता. भीतीचा नव्हता तो. नरसीला गाभाऱ्यात गर्दी ओसरल्यावर एकटं उभं राहिलं की येतो, तसा होता.

संतरामनं घमेलं आणलं. दोन्ही हातांनी, वामेला धक्का न लावता, भोवतालच्या ओल्या वाळूसगट तिला उचललं आणि घमेल्यातून पेटीत अलगद सोडलं. पाण्यात गढूळ ढग उठला. तो खाली बसला तेव्हा वाम तळाशी आडवी पडली होती, काडीसारखी, हालचाल नाही. एका कुशीवर पाठीची चामडी कोरडी, सुरकुतलेली दिसत होती. शालूबाईनं माळ मुठीत धरली.

बऱ्याच वेळानं गालफड एकदा उघडलं. मिटलं. परत उघडलं. खापरीकडून दुसरी आली आणि तिच्या लगत, अंगाला अंग लावून, तशीच आडवी झाली. मग शेपटीकडून आधी एक आणि मागोमाग दुसरी वाळूत उतरली, आणि दोन नाकं तेवढी वर राहिली.

"बघा ना," शालूबाई म्हणाली. "टेबलावरून पडली. एवढी खोली, हा उंबरा, ही कोरडी फरशी. आन् सगळ्या घरात मूठभर ओली वाळू होती, ती बराबर शोधली. कोणी सांगितलं असंल तिला?"

संतरामनं रिकामं घमेलं उचलून बाहेर ठेवलं.

फोनवर प्रतिक्षा आधी हसली, मग म्हणाली, "दोनच आणल्या होत्या, माय. मी बोलले न्हाई का? एक तं पहिल्याच आठवड्यात दिसंना झाली. मी सगळी वाळू चाळली होती गं. न्हाई सापडली. मांजरानं नेली समजून सोडून दिलं."

"वाळू चाळली होती?"

"सगळी."

शालूबाईनं फोन ठेवला. म्हणजे आपण एकीला जेवू घालतोय असं समजत होतो तेव्हा दोघी जेवत होत्या. कोणती आधी यायची, कोणती मागून, एकमेकींना कशा कळवायच्या, उपासाच्या त्या दिवसांत दोघीही तशाच पडून होत्या का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. आणि न कळण्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. उलट छातीत काहीतरी मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

संतरामनं झाकणावर वजनाला पाटा ठेवला, कडेनं मच्छरदाणीची जाळी गच्च बांधली. गांडुळं आता तोच आणायचा. न सांगता, हात धुऊन, वाटीत घालून. दिवा लागला की दोघंही पेटीसमोर बसायचे आणि कोणतं नाक आधी वर येतं ते बघायचे. नक्षीवरून ओळखायचा त्यानं बराच प्रयत्न केला, पण दोघी एकाच ठशातून काढल्यासारख्या होत्या.

वैशाखात एकदा प्रतिक्षा सुट्टीला आली होती. वामा जेवल्या, वाळूत गेल्या, तरी वाटीत एक गांडूळ उरलं. कोपऱ्यात, खापरीच्या पलीकडं, वाळू किंचित हलल्यासारखी वाटली. वाटली फक्त, पंपाच्या बुडबुड्यानंही हलली असेल.

संतराम पुढं सरकला. झाकण उचलून, बाही वर करून म्हणाला, "थांब, चाचपून पाहतो. आणखी एखादी असंल तं."

"दोनच होत्या बाबा," प्रतिक्षा म्हणाली.

शालूबाईनं त्याचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "असतील तितक्या असू द्या."

आणि वाटीतलं उरलेलं गांडूळ तिनं त्या कोपऱ्यात सोडलं.