दोन चुलींचं घर

नानासोनं तुराट्यांची पेटती जुडी नव्या चुलीच्या तोंडात कोंबली आणि धूर भिंतीकडं वळावा म्हणून टोपीनं वारा घालायला लागला. चूल कालच घातलेली, अजून ओलसर होती. मागची भिंत पांढरीफेक. ती दुपारच्या आत काळी व्हायला हवी होती.

“आवं, घराला आग लावता काय?” हरणाबाई, त्याची बायको, दारातनं ओरडली.

“लागू दे. घर जळलं तर सायबाला बघायला काय उरायचं तरी न्हाई.”

धाकट्या भावाची बायको रंगुबाई डोक्यावर पदर ओढून बाजूला उभी होती. चूल तिच्या नावाची. तिनं चिमणी पेटवली, वात मोठी केली आणि भिंतीजवळ धरली. काजळी झरझर चढली. एवढी साधी गोष्ट नानासोला सुचली नव्हती. भ्यालेल्या माणसाचं डोकं चालत नाही हेच खरं.

भानगड कराची होती. शेतीला कर नसतो, असं नानासो जन्मभर छातीठोकपणे सांगत आलेला. पण द्राक्षाच्या बागेनं हात दिला, पेट्या मुंबईला जायला लागल्या, आणि सांगलीच्या कचेरीतून मिळकतीची विचारणा आली. तो धावतपळत वकिलाकडं गेला तेव्हा वकील हसला होता.

“नोकरदाराच्या पगारावर कर घेतं ते दिल्लीचं सरकार. शेतीच्या मिळकतीवर घेतं ते आपलं राज्य. मिळकत ठरावीक मर्यादेच्या वर गेली की भरायचा. आता तुमचं घर एकत्र, म्हणजे दोघा भावांची मिळकत एकाच डोक्यावर. वेगळे झालात तर डोकी दोन, आणि दोन्ही मर्यादेच्या आत.”

नानासोला ते एका दमात पटलं. तलाठ्याकडं वाटणीची नोंद झाली. आकारामनं, त्याच्या धाकट्या भावानं, दाखवली तिथं सही केली. घरी येऊन सगळे एकाच चुलीवरची भाकरी खायला बसले. वाटणी कागदावर, घर जाग्यावर.

आणि आता साहेब स्वतः बघायला येणार होता, हे घर खरंच वेगळं झालंय का. आणीबाणीचे दिवस. कुणाला कुठून उचलून नेलं याच्या गोष्टी तासगावच्या बाजारात लोक आवाज खाली करून सांगत. लबाडी उघडी पडली तर कर भरावा लागेलच, वर दंड बसेल, आणि आपल्याला बेड्या घालून भर बाजारातनं नेतील, असं नानासोनं मनात पक्कं धरलं होतं. रात्री कुत्रं भुंकलं तरी तो उठून बसायचा.

“पुन्हा एकदा म्हणा,” त्यानं सगळ्यांना सोप्यात बसवलं. “जेवता कुठं?”

“आपापल्या चुलीवर,” हरणाबाई म्हणाली. “किती येळा तेच! पोपटबी कंटाळला असता.”

“दाणं?”

“येगळ्या कणग्यात.”

आकाराम खाली मान घालून बसला होता. सदऱ्यावर मोरचुदाचे निळे डाग, सकाळीच बाग फवारून आलेला. आईबाप गेले तेव्हा तो नानासोच्या कडेवर होता. अजूनही परक्या माणसापुढं त्याच्या तोंडून धड शब्द फुटायचा नाही. नानासोला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटत होती.

“तू बोलू नगंस, आकाराम. सायबानं काय इचारलं तर माझ्याकडं बघ. मी बोलतो.”

“बरं दादा.”

जीप आली ती ऊन कलल्यावर. साहेब तरणा होता, किडकिडीत, बोलायला मऊ. त्यामुळं नानासो आणखीच घाबरला. आरडाओरडा करणारा साहेब असता तर त्याचे पाय धरता आले असते. हा नुसता बघत होता. कणग्या बघितल्या. दोन्ही चुली बघितल्या. नव्या चुलीपाशी वाकून त्यानं रंगुबाईला विचारलं, “आज काय केलं होतं?”

“हुलग्याचं माडगं,” ती हरणाबाईकडं बघत म्हणाली. “आक्कांनी काय केलं ते त्यास्नी इचारा.”

साहेबानं मान डोलावली. सुटलो एकदाचे, असं नानासोला वाटलं, तोवर साहेब म्हणाला, “चला, बाग दाखवा.”

बागेत मधोमध दगडांची ओळ लावून हद्द केलेली होती. साहेबानं ती ओलांडली, चालत विहिरीपर्यंत गेला आणि वाकून आत बघितलं.

“विहीर एकच आहे. मोटारपण एकच. पाणी कसं वाटून घेता?”

नानासोनं तोंड उघडलं. चूल, दाणे, जनावरं, भांडी, सगळं पाठ होतं. पाण्याचं काही ठरवलंच नव्हतं. पाणी काय वाटायचं असतं? ज्याला वेळ असेल त्यानं मोटार चालू करायची, एवढंच त्याला माहीत. साहेब वाट बघत होता. आता मेलो, असं नानासोला अगदी स्वच्छ वाटलं.

“सोमवार ते बुधवार दादाचं,” आकाराम म्हणाला. “बेस्तरवार ते शनिवार माझं. ऐतवार आळीपाळीनं.”

साहेब त्याच्याकडं वळला. “आणि लाईट मध्येच गेली तर?”

“ज्याची पाळी बुडली, त्येला ऐतवारचं पाणी. पाट फुटला तर ज्याचं पाणी चालू हाय त्यानं बांधायचा. मोटार जळली तर खर्च निम्मा निम्मा.” आकाराम अडखळत नव्हता. “हिरीकडची वाट माझ्या तुकड्यातनं जाती. ती दादाला कायम मोकळी. पुढं माझ्या पोरांनीबी आडवायची न्हाई.”

“छान,” साहेब म्हणाला. “एवढा विचार आधी केला की पुढं भांडणं होत नाहीत.” त्यानं विहिरीच्या कठड्यावरच कागद टेकवून दोन ओळी खरडल्या आणि दोघांना नमस्कार केला.

जीप ओढ्यापलीकडं गेली तसा नानासो मटकन खाली बसला. मग हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“लय झकास थाप मारलीस गड्या! मी तर मेलोच हुतो. वकिलानं पढवलं व्हय रं?”

“न्हाई.”

“मग आयत्या वेळंला सुचलं?”

आकारामनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग वर बघितलं.

“आमी दोघा नवराबायकोनं बसून ठरवलं हुतं दादा. लय दिस झालं. तुमास्नी कसं सांगावं ते कळंना.”

नानासोचं हसू तोंडावरच राहिलं. लय दिस म्हणजे कवापासनं, हे विचारावं असं त्याला वाटलं, पण उत्तराचीच भीती वाटली. नोटीस यायच्या आधीपासनंच ह्याला वेगळं व्हायचं असेल तर? सही करताना आकाराम एका शब्दानं कुरकुरला नव्हता. दंडाच्या भीतीवर वकील तरी होता. ह्या भीतीला घेऊन कुणाच्या दारात जायचं, ते त्याला समजेना.

“वाट मातर मोकळीच ठेवणार हाय,” आकाराम हळूच म्हणाला. “ते नुसतं सायबाला म्हणून न्हाई सांगितलं.”

“व्हय,” नानासो म्हणाला.

विहिरीजवळच्या मोटारीच्या खोपीतला दिवा लागला. लाईट आली होती. सवयीनं नानासो उठला, खोपीत शिरला आणि स्टार्टरकडं हात नेला. हात तिथंच थांबला.

“आकाराम, आज वार कंचा रं?”

आकाराम खोपीच्या दारात आला.

“बेस्तरवार.”

नानासोनं हात मागं घेतला आणि स्टार्टरपुढनं बाजूला झाला.