सूर्य पश्चिमेला

धान्याच्या जुन्या कोठारात चार कॉम्प्युटर आले. आधी उंदीर शिकले, मग आम्ही. शाळा सुटलेली पोरं, शाळा न पाहिलेल्या बाया आणि मी म्हातारा. वाचता कुणालाच धड येईना, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा आवाज यंत्रात भरून घेतला. आपल्या फोटोवर बोट ठेवलं की आपलीच हाक यायची आणि धडा उघडायचा.

लोहाराची बायको कामातून धावत आलेली. ओरडलीच, "आले गं बाई! चुलीवर पातेलं आहे, लवकर आटपा!"

लोहार तिला चिडवायचा, "शिकून कलेक्टर होणार का?"

"होईन की. पहिलं कुलूप तुमच्या भट्टीला."

सहा धडे झाले आणि साध्या तापाने चार दिवसांत गेली.

महिना भरत आला तसा लोहार वर्गात आला. तिच्या खुर्चीवर बसला, तिच्या फोटोवर बोट ठेवलं.

"आले गं बाई! चुलीवर पातेलं आहे..."

गडी ताडकन उठला. मला वाटलं, आता घरी पळतो पातेलं उतरवायला.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, महिनाभर धडा उघडला नाही तर नाव पुसलं जातं. आवाजही."

मी म्हटलं, "मग मोबाईलमध्ये भरून घे, लेका."

घेतला. दुसऱ्या दिवशी पुसूनही टाकला. म्हणाला, "घरी ती 'आले' म्हणते आणि मी दाराकडे बघत बसतो. तिथं नको."

मग तिचे धडे तोच करू लागला. बोटं अशी जाड, की एक बटण दाबलं तर चार दाबली जायची आणि पाचवं माझ्या यंत्रावरचं. पण घण मारणारा माणूस, हटेना. चार महिन्यांत खडाखडा वाचू लागला. शेवटच्या धड्याचा शेवटचा प्रश्न तेवढा उरला.

"झालंच काका!" बाई हरखल्या. "हा सुटला की काकूंचं प्रमाणपत्र."

"आणि फोटो?"

बाई म्हणाल्या, "धडे संपले की जागा पुढच्याला जाते."

लोहाराने प्रश्न मोठ्याने वाचला. सूर्य कुठे उगवतो? खाली 'पूर्व' आणि 'पश्चिम', दोन्ही वाचले. आणि बोट 'पश्चिम'वर ठेवलं.

"चूक. उद्या पुन्हा प्रयत्न करा," यंत्र म्हणालं.

तेव्हापासून सूर्य रोज पश्चिमेला. वीटभट्टीवरची पोरगी खिदळते, "काका, उठता तरी किती वाजता?" बाई तिला डोळ्यांनीच दटावतात आणि फळा पुसायला वळतात. फळा कोराच असतो.

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण इतकी मोठी एकही जमली नाही.

काल यंत्र उघडलं. "लवकर आटपा!" ती म्हणाली.

लोहाराने खुर्ची पुढे ओढली. "बस गं. कसली घाई आहे तुला?"