बुडबुड्याचा दात

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. कवळी नव्हे हं! एका रंगाऱ्याच्या दातांची हुबेहूब नक्कल म्हणून मला घडवलं. हुबेहूब! या एका शब्दानं त्या बिचाऱ्याचा घात केला.

एका दुकानदाराला चोरानं अंधारात बदडलं आणि झटापटीत त्याच्या दंडाला कडाडून चावा घेतला. दुकानाला रंग देणारा म्हणून संशय रंगाऱ्यावर आला. दातांच्या डॉक्टरांनी त्याच्या तोंडात मऊ लगदा दाबून ठसा घेतला आणि त्यात पातळ प्लास्टर ओतलं. ओतताना ठसा टेबलावर हलकेच आपटत राहायचं असतं, म्हणजे आतली हवा निघून जाते. पण पोलीस दारात उभे राहून "आटपा हो डॉक्टर!" करत होते. राहिलं आपटायचं! पुढच्या दाताच्या टोकाशी बुडबुडा अडकला आणि मी जन्मलो तोच एक कोपरा गमावून. रंगाऱ्याचा दात मात्र चांगला धडधाकट होता.

दंडावरच्या वळात नेमका तिथेच दात उमटला नव्हता. दंड हिसकला की कातडी सरकते, एखादा दात उमटत नाही. पण डॉक्टरांनी मला त्या वळाच्या फोटोवर ठेवून इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं आणि ते ओरडले, "जुळलं! अगदी चपखल जुळलं!" कोर्टात जो तो मला हातात घेऊन वाहवा करत होता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादाचा दात तुटलेला नव्हता हो!" रंगाऱ्याची बहीण कळवळून सांगत होती. पण दाखवणार काय? कोठडीतल्या मारामारीत त्याचे पुढचे दात केव्हाच पडले होते. आता खरं सांगू शकणारा मी एकटा, आणि मी मुका!

दादा तुरुंगात गेला आणि मी कोर्टाच्या अडगळीत. आज त्याची बहीण एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन अडगळीच्या खोलीच्या खिडकीशी आली.

"तुटलेल्या दाताला धार असते, बुडबुड्याचा खळगा आतून गोल आणि गुळगुळीत असतो," बाई म्हणाल्या. "तो जबडा एकदा दाखवा, मी लगेच सांगते."

"जुनं सामान काढून टाकतोय, ताई. गेलं असेल ते," कारकून जागचा न हलता म्हणाला.

अहो, गेलं कुठे? मी तुमच्या पाठीमागच्या फळीवर होतो! तेवढ्यात हमालानं माझं खोकं उचललं आणि शेजारच्या दारातून बाहेर आणलं.

"ताई, जरा बाजूला व्हा," तो बहिणीला म्हणाला.

ती बाजूला झाली.

मित्रांनो, कुणाकडे बोट दाखवण्याआधी नीट बघत जा. टाकून देण्याआधीही एकदा बघत जा. मी कचऱ्याच्या गाडीत आहे, गाडी अजून सुटलेली नाही. दादाची बहीण समोरच कोर्टाच्या पायरीवर रडत बसली आहे. अरे, कुणीतरी तिला हाक मारा रे!