पुसता पुसता राहिलेलं नाव

अगं ये, ऐकतीस का? मी बोलतेय, तुझ्याच पेटीतली, नव्वद मिनिटांची कॅसेट! त्या प्लास्टिकमधून जरा कान बाहेर काढ. काय झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं न्हाई. एका माणसाची दहा मिनिटं पुसून गेली गं माझ्या अंगावरून!

तुला तर आठवतंय, आपण दहा जणी एका पेटीत वसमतला आलो. दस्तगीरचाचांचं गाणी भरून द्यायचं दुकान. लोक यादी घेऊन यायचे, चाचा एकेक गाणं भरायचे. पुढं मोबाइल आले, दुकान मिटलं, आपण माळ्यावर. आठ जणींना बुरशी लागली. तू अन् मी तेवढ्या वाचलो.

मग चाचांच्या नातवानं, अशफाकनं, मला खाली काढलं. मला वाटलं, आता कव्वाली भरंल. कशाचं काय! त्यानं भरलं ते ऐकून माझी फीतच ताठ झाली. सॅक्सोफोन असा किंचाळून राहिला की एसटीला करकचून ब्रेक लागलाय. ढोलवाला आपल्याच नादात. मधीच सगळे गप, मधीच पत्रे पडल्यागत धडाड! अन् हा डोळे मिटून म्हणतो, "क्या बात है!"

असलं ऐकणारी तिघंच. वसमतचा अशफाक, हिंगोलीत शिकवणी घेणारे रत्नपाल सर, अन् वारंगा फाट्यावर मोबाइलचं दुकान चालवणारी सपना. लिंक पाठवली की कुणी अर्ध्या मिनिटाच्या वर ऐकत न्हाई, म्हणून त्यांनी मला फिरवायचं ठरवलं. नियम असा : आपला आवडता अल्बम भरायचा, पण कुणाचा ते सांगायचं न्हाई. पुढच्यानं दोन्ही बाजू पुऱ्या ऐकायच्या, कसं वाटलं ते कार्डावर लिहायचं, अन् त्यावरच आपला अल्बम भरून पुढं धाडायचं. नाव सांगायचं न्हाई! त्यानंच घात केला बघ.

तुला चाचांचं ठाऊक आहे. लकव्यानं वरीस झालं, तोंडातून शब्द न्हाई. डॉक्टर म्हणले, रोज बोलायला लावा, कसं बोलतात ते मला ऐकवा. त्यांच्या घरवालीची, खतीजाबीची, बोटं जन्मभर हळद निवडून घासलेली, मोबाइलची काच त्यांना दाद देत न्हाई. पण चाचांच्या टेपची दोन बटनं त्यांना पाठ. परवा दुपारी अशफाक जेवायला उठला, मी टेपमधीच, पहिली बाजू संपलेली. खतीजाबीनं मला पलटलं अन् आवाज भरायचं लाल बटन दाबलं.

"बोलो जी. मैं कौन?"

"ख... खँ... हँऽऽ"

"नक्को, हार नक्को मानो. फिरसे. मैं कौन?"

असं पुष्कळ वेळ. नुसता श्वास, घरघर, खाटेवर आपटलेला हात. अन् अगदी शेवटी, अगं, मी सोता ऐकलं, चाचा म्हणाले, "खतीजा!" स्वच्छ! वरसातला पहिला शब्द! खतीजाबी हसल्या का रडल्या मला कळलं न्हाई, पण ते बी माझ्यावर आलं.

खतीजाबी टेप बंद करून शेजारणीला सांगायला पळाल्या अन् तेवढ्यात अशफाकनं मला डबीत घालून हिंगोलीच्या गाडीत दिलं. दुसरी बाजू कोरीच आहे म्हणून ऐकली बी न्हाई!

रत्नपाल सरांनी मात्र ऐकली. ऐकली अन् उठून उभे राहिले. कार्डावर लिहिलं, 'गळ्याचा असा वापर जन्मात ऐकला न्हाई. बाई मधी मधी टोकते, ते तर लय भारी. हे पुसायची माझी छाती न्हाई.' अन् मला तशीच सपनाकडं धाडलं.

सपनानं ऐकलं अन् सरळ सरांना फोन. "सर, एक म्हातारं घसा खाकरून राहिलं, त्याला तुमी अल्बम म्हणता व्हय?"

"अगं, तुला कळत न्हाई ते. शेवटपर्यंत ऐक!"

"ऐकलं की. नियम म्हंजे नियम. मी माझं भरते."

अन् तिनं तीच बाजू पहिल्यापासून लावून लाल बटन दाबलं!

चाचांचा एकेक श्वास पुसत चालला अन् वर कुठलातरी पियानो बदाबद पडू लागला. काउंटरवर तिचा फोन आवाज बंद करून ठेवलेला. मला वरडता येत न्हाई. मला एकच येतं, गुंतणं. पण गुंतले तर फीत चुरगळणार, अन् पुढची फीत म्हंजे तेच नाव. नाव वीतभरावर राहिलं तवा मी अंग सैल सोडलं अन् टेपच्या रुळाभोवती गच्च गुंडाळून घेतलं.

"आयला, खाल्ली का टेपनं!" सपनानं झाकण उघडलं. मग फोनकडं लक्ष गेलं. अशफाकचे सतरा कॉल. तिनं लावला.

"सपना, पुसू नको! त्यात आमचे दादा बोललेत! दादीनं आज डॉक्टरला ऐकवायला कॅसेट मागितली तवा कळलं, घर डोक्यावर घेतलंय!"

पोरीनं दुकानाचं शटर ओढलं. तशीच मला घेऊन वसमतला आली. अशफाकनं तळहाताच्या उबेनं माझ्या सुरकुत्या सरळ केल्या. सरांचं कार्ड चाचांना वाचून दाखवलं, तर ते अर्ध्या तोंडानं हसले. मग मला लावलं.

"खऽ... तॉव... जॉऽ." पाण्यात बुडून बोलल्यागत.

खतीजाबीनं टेपला कान लावला. म्हणाल्या, "ये इनका आवाज न्हई."

अगं, माझा जीवच गेला! पण खाटेवर चाचांनी हात आपटला. माझ्याकडं बोट, मग आपल्या छातीकडं. जन्मभर फिती ऐकल्या त्यांनी, चुरगळलेला असला तरी आपला आवाज त्यांना कळला.

"सच्ची? तुमीच?" खतीजाबी खाटेजवळ सरकल्या. "तो फिरसे बोलो."

चाचा बोलायला बघून राहिलेत, ऐक. अन् अशफाक तुझं प्लास्टिक फाडून राहिलाय. ते भरून घ्यायची आता तुझी पाळी. म्हणून घाईनं विचारते, खरं सांग : गप पडून ते नाव पुसू दिलं असतंस, का माझ्यासारखी गुंतून त्याचं हे असं करून ठेवलं असतंस? तू असतीस तर काय केलं असतंस गं?