विहिरीच्या झाकणाखालून

मी एक जुना जिवाणू आहे. म्हणजे, मित्रांनो, मला तसे वाटते. आम्ही वाढतो ते एकाचे दोन होऊन. मग त्या दोघांतला जुना कोण आणि नवा कोण, हे मला आजवर उमगलेले नाही. माझा बाप कोण, की मीच माझा बाप, असले विचार आले की माझे डोके चक्रावते. आणि मला तर डोकेही नाही!

एका लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात बंद विहीर आहे. तिच्या भोवतालच्या ओल्या मातीत मी राहतो. लॉन्ड्रीच्या मालकाला त्याची धाकटी बहीण दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. बहिणीचे घर भिंतीपलीकडे, विहीर दोघांची. ड्रायक्लीनिंगचे वापरलेले औषध दादा वर्षानुवर्षे अंगणात ओतत राहिला. त्याला वाटले, उडून जाईल. ते मुरले, विहिरीत उतरले आणि पाणी विषारी झाले. विहिरीवर लोखंडी झाकण बसले आणि बहिणीने दादाशी बोलणे टाकले.

मग पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. घट्ट बुचाच्या बाटलीतून त्यांनी मला आणले आणि जमिनीत पुरलेल्या नळीतून खाली सोडले. वरचे बोलणे त्याच नळीतून मला ऐकू येते.

"हे त्या विषाचा फडशा पाडतील," बाई म्हणाल्या.

"आणि मरणार नाहीत?" दादाने विचारले.

"अहो, त्यावरच तर जगतात ते!"

दादा अवाक झाला. खरे सांगायचे तर मीही झालो. सगळे ज्याला विष म्हणत होते, तो माझा श्वास होता!

मी कामाला लागलो. त्या विषाच्या प्रत्येक कणाला क्लोरीनचे चार तुकडे चिकटलेले असतात. मी ते एकेक करून तोडतो. आमच्या पोटासाठी दादा नळीतून गोडसर मळी ओतायचा. पहिल्या तपासणीत औषध निम्म्यावर आले आणि माझे कोण कौतुक झाले! पुढच्या खेपेला मात्र बाईंचा आवाज उतरला. तीन तुकडे तुटून एकच उरला, की जे राहते ते मूळच्या विषाहून वाईट असते.

"आता हे मध्येच थांबले, तर मोठी पंचाईत होईल," त्या म्हणाल्या.

मी पार गोंधळलो. इतके राबून मी घाण कमी केली होती की वाढवली होती?

बाईंचे बोलणे दादाने मनाला लावून घेतले. आम्ही थांबू नये म्हणून त्याने घरातल्या माशांच्या पेटीतला हवेचा पंप आणला आणि त्याची बारीक नळी आमच्या नळीत सोडली.

"बिचारे खाली गुदमरत असतील," तो कळवळून म्हणाला.

बुडबुडे आले आणि माझ्या अवतीभोवतीचे पटापट मरू लागले. मित्रांनो, आम्हाला हवा सोसत नाही. इतक्या मायेने आम्हाला कोणी कधी मारले नव्हते. रागवावे की रडावे, तेच मला कळेना.

बाईंनी पंप पाहिला आणि त्या ओरडल्याच. "अहो, हवा लागली की मरतात ते! काढा आधी!"

तोच भिंतीपलीकडून खोखो हसू आले.

"दादा, लहानपणी माझा मासासुद्धा तू असाच टॉवेलने पुसून ठेवला होतास! गारठेल म्हणून!"

दादाने नाक शिंकरल्याचा आवाज आला. तेव्हापासून बहीण रोज अंगणात खुर्ची टाकून बसते. दादाला पुन्हा आमची दया येऊ नये, म्हणून राखण करते.

आम्ही थोडे वाचलो होतो, ते पुन्हा वाढलो. आता शेवटचे तुकडे तुटत आले आहेत. ते संपले की झाकण उघडेल, हवा आत येईल आणि माझा श्वास थांबेल.

"मग त्यांचं कसं व्हायचं गं?" दादाने काल विचारले.

"तू गप्प बस," बहीण म्हणाली. "काही करू नकोस."

मित्रांनो, कोणाची काळजी घ्यायची, तर त्याला काय सोसते ते आधी विचारा. माझी विनंती एवढीच, की काम पुरे होईपर्यंत झाकण लावलेले असू द्या. नंतर मात्र माझा विचार न करता उघडा. त्या दिवशी ती दोघे मिळून बादली वर ओढतील. तो दिवस लवकर यावा असे मला वाटते, आणि येऊ नये असेही वाटते.