दुसरा परिच्छेद

...कार्डाचा तुकडा मोरीच्या दगडाला चिकटलेला, ओला, शाई पसरून जांभळी झालेली – आणि वर, जिथे रुपचंद गुरुजी नेहमी ‘श्री’ काढतात, तिथे काहीच नाही. नुसता पिवळा कागद. खाली वार, सोमवार. त्याखाली ‘तोताराम नाना यांस, लिहिण्यास हात धजत नाही की’... आणि मग फाटलेली कड.

निंबाने तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. तुकडा उलटला तर मागे चोपड्याच्या पोस्टाचा शिक्का. म्हणजे घरून. घरी कुणालाच लिहिता येत नाही, पत्रं गुरुजीच लिहून देतात. ‘श्री’ नसलेलं पत्र मरणाचं. ते घरात ठेवायचं नसतं, वाचून फाडायचं. नानांनी फाडलं, मोरीत टाकलं, वर पाणी ओतलं – आणि अर्धं वाहून गेलं नाही.

आई की आबा?

आज गुरुवार. परवा इंग्रजीचा दुसरा पेपर, निबंध आणि पत्र. मॅट्रिकची ही तिसरी खेप. दोन्ही वेळा याच पेपरने पाडलं होतं, आणि आबांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, यंदा नाही तर केळीच्या बागेत. म्हणूनच आबांच्या या जुन्या स्नेह्याच्या घरी, धुळ्यात, चार महिने... ऐकेपर्यंत सुतक लागत नाही. नाना ऐकू देणार नाहीत. आणि मी विचारलं नाही तर – सोमवारपासून दहावा दिवस पुढच्या बुधवारी. शनिवारी पेपर देऊन संध्याकाळची गाडी धरली तरी डोकं भादरायला वेळेवर पोचता येतं. हे सगळं त्याने पंचाने तोंड पुसता पुसता मोजलं होतं. मोजून झाल्यावर त्याला कळलं की आपण मोजलं.

“काय निंबाशेठ,” नाना ओसरीवरून म्हणाले, “गेल्या वर्षीच्या गायीचे पाय मोजून झाले का? निबंधात पाच लिहिले होतेस म्हणे! तपासणारा पाय मोजत बसला आणि गाय गेली निघून, मार्कांसकट.” स्वतःच आधी हसले. नाना वकिलाकडे कारकून. कचेरीला जाण्यापूर्वी रोज त्याचं इंग्रजी तपासत. सकाळी सकाळी ते कधी विनोद करत नसत.

“आज सांत्वनाचं पत्र लिहायचं ठरलंय,” निंबा म्हणाला.

“ते राहू दे. पुस्तकं मागवायचं लिही.”

“ते येतं मला.”

“मग सहलीचं.”

“तेही येतं, नाना.”

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. आतून नानींनी हाक मारली. ताटात भाकरीवर तूप इतकं की कडेने ओघळत होतं.

“एवढं तूप, नानी?”

“पेपर शे ना तुना! जेवी ले. उपाशी पोटे लिखता येत नही.” त्या चुलीकडे पाहत बोलल्या. त्याच्याकडे नाही.

त्याने सांत्वनाचंच लिहायला घेतलं. मास्तरांनी साचा दिला होता – तीन परिच्छेद. पहिल्यात बातमी समजली, दुसऱ्यात गेलेल्याचे गुण, तिसऱ्यात देवाची इच्छा. मित्राचे वडील वारले आहेत. पहिला परिच्छेद पाठ होता, तो हाताने आपोआप उतरवला. दुसराही पाठ होता, उदार, धर्मशील, सर्वांना प्रिय... पण हात थांबला आणि मग भलतंच लिहू लागला. या माणसाला वाचता येत नसे, तरी मुलाचं प्रत्येक पत्र तो सुलट धरून वरपासून खालपर्यंत बघायचा. केळीच्या बागेत झोपायचा. थंडीत रोपांवर पाचट घालून स्वतः उघडा राहायचा... छोटी छोटी वाक्यं, एकामागून एक, कुठेही न अडखळता. इतक्या वर्षांत जी इंग्रजी एकदाही त्याच्याशी सरळ बोलली नव्हती ती आज –

नानांनी कागद घेतला. बराच वेळ वाचला. निंबा त्यांच्या हाताकडे पाहत राहिला, तोंडाकडे पाहायचं नाही, तोंडावर उत्तर असेल.

“एक चूक नाही,” नाना हळू म्हणाले. “हे पास होईल रे.”

आणि त्याला आनंद झाला. खराखुरा, लहान मुलासारखा. मग त्या आनंदाच्या मागून दुसरं काहीतरी वर आलं – दुसऱ्या परिच्छेदासाठी मी क्षणभरही विचार केला नाही. आबा. आई राहू दे, आबा जाऊ देत. मी निवडलं, आणि शाई वाळायच्या आत मार्क किती पडतील ते पाहिलं.

आई की आबा... सकाळपासून तेवढंच. पण घरात तर तीन माणसं आहेत.

ताईबाई. नवऱ्याने टाकल्यावर सहा वर्षांपूर्वी परत आलेली थोरली बहीण. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला कडेवर घेऊन गेलेली, तो आत रडत होता तोवर बाहेर उन्हात बसून राहिलेली. सकाळपासून ती एकदाही मनात आली नव्हती. जिवंतांत नाही, मेलेल्यांतही नाही.

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीन दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार... संपलं. छातीवरचं ओझं खाली उतरलं, श्वास मोकळा झाला – इतका मोकळा की तो त्याला स्वतःला ऐकू आला.

“नाना –” तो म्हणाला.

नानांनी मान वर केली. डोळे भरलेले होते. आता विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण कोणतं उत्तर आपल्याला हवं आहे, हे आता त्याला कळलं होतं, आणि तो प्रश्न त्याला तोंडातून काढता येईना.